सरकलेला हात

प्रिय बाबा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका. मी ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे आणि मी काही फोडलेलंही नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण या विषयाचं पहिलं अक्षर काढलं की तुम्ही 'थांब हं, आईशी बोल' म्हणून फोन तिच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही. म्हणजे देता येईल, पण आईचा चष्मा दुरुस्तीला गेलाय हे तिनेच मला परवा सांगितलं, त्यामुळे ती तुम्हालाच मोठ्याने वाचायला लावेल. एकूण काय, तुमची सुटका नाही; मला लहानपणी चिकटपट्टी म्हणायचात ते उगाच नाही. दुकानात, गिऱ्हाईक नसताना, निवांत वाचा.

तुम्ही पाठवलेली चौकट पोचली. काच न तडकता पोचली, हे टपालवाल्यांचं नव्हे, तुमच्या बांधणीचं कर्तृत्व. कागदाचे इतके थर सोडवले की शेवटी आत काही आहे की नुसताच कागद, अशी शंका यायला लागली. तुमचा आणि आईचा तो जुना फोटो आता माझ्या टेबलासमोर आहे. टांगण्याआधी सवयीने उलटून पाहिला, तर खालच्या कोपऱ्यात डिंकाचा अंगठा होताच. आई इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय की चौकट देताना मागची बाजू पुसून देत जा, आणि तुमचं आपलं एकच, मागे कोण बघतंय. तर बाबा, मागे बघायला लागतं. हे पत्र थोडंफार त्याबद्दलच आहे.

आता घोटभर पाणी प्या. मी त्या बाईबद्दल लिहिणार आहे. पत्राची घडी घालून खिशात टाकू नका, तुम्ही तसं कराल हे मला इथे बसून दिसतंय.

काय झालं की, आमच्या संग्रहालयाच्या तळघरातल्या गोदामात, लाकडी फळीवर रंगवलेल्या चित्रांच्या रांगेखाली लाकडाचा बारीक भुगा सापडला. कीड. कीड सापडली की त्या रांगेतल्या एकूण एक फळीचा एक्स-रे काढायचा, आत किती पोखरलंय ते बघायचं, हा आमचा नियम. म्हणजे मी मुद्दाम काही उकरून काढायला गेले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. रांगेत शेवटून दुसरी, भिंतीकडे तोंड करून उभी होती ती. मी सरळ केली आणि ओळखलं. याआधी प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. पण आई जिला इतकी वर्षं 'तुझ्या बाबांची ती बाई' म्हणत आलीय आणि जरा चिडली की 'माझी सवत' म्हणते, ती ओळखू यायला काय वेळ लागणार? काळी शाल, एका बाजूला झुकलेली मान, कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून बसल्यासारखा चेहरा. आणि मांडीवर, शालीच्या काळ्या घडीवर, एकटीच पडलेली एक करंगळी. त्या करंगळीत अंगठी. बाकी हात नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी मला माझ्या बाजूने सांगू द्या. मी तेव्हा शाळेत होते आणि मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. दाराआडून ऐकलेल्या तुकड्यांची मी गोष्ट जुळवलीय. चुकलं तर सुधारा.

गोष्ट सुरू होते मजेत. संग्रहालयात तेव्हा एक्स-रेचं यंत्र नव्हतं. फळीला चीर गेली होती, ती किती खोल आहे हे बघायला तुम्ही त्या बाईला चादरीत गुंडाळून इस्पितळात नेलंत आणि हातपाय मोडलेल्या लोकांच्या रांगेत मांडीवर घेऊन बसलात. आतल्या माणसाने विचारलं, पेशंट कुठाय? तुम्ही चादर बाजूला केलीत. तो म्हणाला, अरेरे, फारच वाळल्यात हो! घरी येऊन तुम्ही ही गोष्ट आम्हाला दोनदा सांगितलीत आणि दोन्ही वेळा सांगताना तुम्हालाच इतकं हसू आलं की शेवट आईने पुरा केला. ती फिल्म पाकिटात घालून ठेवून दिली गेली. चीर साधीच निघाली होती, त्यामुळे बाकी फिल्मकडे कुणी डोळे फाडून पाहिलं नाही.

मग तुम्ही चित्र साफ करायला घेतलंत. वरचं पिवळं पडलेलं वार्निश निघालं, चेहरा उजळला. मांडीवरच्या हातापाशी आल्यावर तुमच्या लक्षात आलं की हाताचा रंग सैल आहे, बाकी चित्राच्या मानाने कोवळा आहे, आणि त्याखाली शालीची घडी न तुटता सलग पुढे जातेय. म्हणजे चित्रकाराने हात काढलाच नव्हता. पुढे कुणीतरी, बहुतेक चित्राच्या मालकाने, अंगठी दाखवायची हौस म्हणून तो वरून रंगवून घेतला होता. तुम्ही तो पुसायला सुरुवात केलीत. अंगठ्यापासून चार बोटं गेली आणि करंगळीपाशी आलात तेव्हा तुमचे संचालक खोलीत शिरले. कापसाचा बोळा तिथेच थांबला.

तज्ज्ञ बोलावले गेले. कुणाला तरी त्या पाकिटाची आठवण झाली. फिल्म उजेडावर धरली, आणि मांडीच्या जागी पाच बोटांचा पांढराशुभ्र हात. शिशाचा सफेदा एक्स-रेमध्ये असा पांढरा उमटतो, आणि शिशाचा सफेदा म्हणजे जुना, चित्रकाराच्या काळातला. हात मूळचा होता, आणि तो तुम्ही पुसलात. संपला विषय. त्या हातात आणि चित्रातल्या हातात थोडं अंतर होतं, तर एका तज्ज्ञाने सांगितलं की चित्रकाराने हात आधी खाली काढला असणार, मग मन बदलून वर घेतला असणार. चित्रकार असं करतातच. एक्स-रेमध्ये आम्हाला रोज दिसतं. मान आधी ताठ असते आणि मग झुकते, कान आधी असतो आणि मग केसांखाली जातो. त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. फिल्ममधल्या करंगळीत अंगठी का नाही, हे मात्र एकानेही विचारलं नाही. बाबा, तुम्हीसुद्धा नाही.

तुम्हाला कुणी काढलं नाही. संचालक म्हणाले, तुमचा हेतू चांगलाच होता. आईच्या मते ते त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही राजीनामा दिलात, घरी आलात आणि मोरीत कितीतरी वेळ हात धूत उभे राहिलात. मला ते आठवतं, कारण मला तहान लागली होती आणि माझं भांडं तिथे होतं.

मोठी झाल्यावर मला तुमचा राग यायचा. भांडला का नाहीत, असं वाटायचं. चांगला हात होता तुमच्याकडे, आणि तुम्ही गावी जाऊन चौकटींचं दुकान काढून बसलात. काच, खिळे, डिंक. आणि चौकटीतल्या चित्राला बोटसुद्धा लावायचं नाही. घरात तर त्याचा पार पाठच झाला. सुईत दोरा ओवायचा असो, माझ्या वहीतली आकृती नीट करायची असो, तुमचं ठरलेलं उत्तर, 'मला नको देऊस, मी पुसून टाकीन.' आम्ही हसायचो. आईसुद्धा हसायची. तो विनोद नव्हता हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तुम्ही भांडला नाहीत, कारण ती फिल्म तुम्हीही उजेडावर धरून पाहिली होतीत आणि तिच्यावर तुमचा विश्वास बसला होता. लोक तुम्हाला दोषी म्हणत होते हे खरं, पण सगळ्यात आधी ते तुम्ही म्हणालात.

आणि तरीही मी त्याच संग्रहालयात नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मला अडवलं नाहीत. पहिल्या दिवशी गावाहून माझ्याबरोबर फाटकापर्यंत सोडायला आलात, डबा हातात दिलात आणि फाटकाकडे पाठ करून परत फिरलात. मी यंत्राची तंत्रज्ञ, रंगाला हात लावायचं माझं काम नाही, असं मी स्वतःला समजावत होते. दुरुस्तीवाल्यांच्या हातातला बोळा ही काय चीज असते, हे मी पुढे इथेच शिकले.

तर मी एक्स-रे काढला. मला वाटलं होतं की मांडीच्या जागी काही नसेल. पुसलेला हात दिसणार कसा? पडद्यावर फळीचे रेशे आले, किडीची भोकं आली, तुमची ती चीर आली. रंगाखाली लावलेल्या पांढऱ्या अस्तराचे ब्रशचे आडवे फटकारे आले. बाईची मान खरंच आधी ताठ होती, बरं का! नंतर झुकवलीय. आणि मग मांडीवर तो हात आला. पाच बोटं, पांढरीशुभ्र, जुन्या फिल्ममध्ये होती तश्शी.

बाबा, मी खुर्चीवरून उठून चित्राकडे गेले, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं. काळी शाल, एक करंगळी, बस. परत पडद्याकडे आले, हात आहे. तुम्ही पुसलेला हात जसाच्या तसा तिथे होता. इतक्या वर्षांत कुणी दुसरा एक्स-रे काढलाच नव्हता. कशाला काढतील? हात गेलेला सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता. आणि जी करंगळी चित्रात ढळढळीत दिसतेय, तिचा एक्स-रेमध्ये मागमूस नव्हता. तिच्या जागी नुसती शालीची घडी. म्हणजे तुमच्या बोळ्यावर आलेला रंग शिशाचा नव्हताच. जस्ताचा सफेदा असणार, तो पुष्कळ नंतरचा आणि एक्स-रेमध्ये जवळजवळ उमटत नाही. मग हा शिशाचा हात कुणाचा, आणि आहे कुठे?

इथे तुमची आठवण आली. लहानपणी दिवे गेले की तुम्ही मेणबत्तीसमोर हात धरून भिंतीवर ससा करायचात, आणि मी मागे दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलची सावली त्यात मिसळली म्हणून रडायचे. तुम्ही म्हणायचात, अगं, सावलीला पुढचं-मागचं कळत नाही, मेणबत्ती जरा सरकव. मेणबत्ती सरकवली की टॉवेल एकीकडे जायचा आणि ससा एकीकडे. एक्स-रे म्हणजे सावलीच. फळी चांगली दोन बोटं जाड. तिच्या पुढे काय आहे आणि मागे काय आहे, सगळं एकाच भिंतीवर पडतं. म्हणून मी फळी आणि सावली टिपणारी पाटी जागच्या जागी ठेवली आणि यंत्राची नळी तेवढी बाजूला सरकवून पुन्हा एक्स-रे काढला. पाटी चित्राच्या दर्शनी बाजूला लावलेली होती, म्हणजे पुढचं सगळं तिला टेकलेलं आणि मागचं तेवढं लांब, टॉवेल-सशासारखं सरकणारं. चेहरा हलला नाही, मान हलली नाही, शाल हलली नाही. हात सरकला. मांडी सोडून चांगला बाजूला गेला.

मी लगेच नाचले नाही. संचालिकांकडे गेले आणि सांगितलं की हे चित्र माझ्या वडिलांच्या प्रकरणातलं आहे, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. या बाई कोरड्या आहेत, पण न्यायी आहेत. त्यांनी माझ्या सहकाऱ्याला बसवलं, मला खोलीबाहेर काढलं आणि सगळं पहिल्यापासून करून घेतलं. मी बाहेर बाकावर, निकाल लागायच्या दिवशी बसावं तशी बसून होते. सहकारी दारात आला आणि म्हणाला, 'सरकतोय गं.' त्याला मी मिठी मारली. तो बिचारा अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

फळीच्या मागे कुणीतरी जुन्या काळी जाड कापड चिकटवून वर लाकडी पट्ट्यांची जाळी ठोकली होती, फळी वाकू नये म्हणून. तुम्हाला आठवत असेल. त्यामुळे मागची बाजू कुणालाच कधी दिसली नव्हती. पट्ट्यांनाच कीड लागलेली, त्या काढायच्याच होत्या. सुतारकाकांनी एकेक पट्टी सोडवली, मग आम्ही कापड ओलसर करत हळूहळू उचललं. आणि लाकडावर पंजा होता, बाबा. पांढरा, मोठा, बोटं फाकलेली, अंगठा जरा वाकडा. फळीला पुढून अस्तर लावताना ती मागून एका हाताने तोलून धरायची असते, आणि हाताला सफेदा लागलेला असतो. चित्रकार असेल नाहीतर त्याच्याकडे कामाला असलेला कुणी असेल. धरली, रंगवली, ठेवून दिली. पुसायचं राहिलं. मागे कोण बघतंय! मला एकदम तुमचा डिंकाचा अंगठा आठवला आणि सगळ्यांसमोर रडू फुटलं. संचालिका रुमाल द्यायच्या ऐवजी म्हणाल्या, 'फळीपासून लांब रडा.' बरोबरच आहे त्यांचं.

आता गंमत सांगते. तज्ज्ञांनी ज्याला नाजूक स्त्रीहस्त म्हटलं होतं तो पंजा माझ्या दीडपट आहे. त्या हाताची बाई असती तर तिने त्या सगळ्या तज्ज्ञांना उचलून बाहेर ठेवलं असतं. आईला हे नक्की वाचून दाखवा.

अहवाल लिहून झालाय. त्यात स्पष्ट म्हटलंय की तेव्हा निघालेला हात नंतरचाच होता, त्याखालची शाल मूळची आहे आणि तिला कुठेही धक्का लागलेला नाही. साफसफाई उत्तम झालीय, असं संचालिकांनी स्वतः जोडलं. मी भिंगाखाली पाहिलंय, बाबा. जिथून तुम्ही चार बोटं काढलीत तिथे शालीवरचा एक केसाएवढा फटकाराही हललेला नाही. तुम्ही काही पुसलं नाहीत. म्हणजे पुसलंत, पण जे पुसायला हवं होतं तेच. हे वाक्य मी तुम्हाला समोर बसवून सांगणार होते. पण तुम्ही उठून गेला असतात, म्हणून लिहिलं.

पण नुसतं एवढं कळवायला मी पत्र लिहिलं नाही. अहवालाची प्रत पाठवूनही ते झालं असतं. करंगळी राहिलीय. तुमचा बोळा थांबला तिथे, अंगठीसकट, इतकी वर्षं ती तशीच पडून आहे. चित्र पुढच्या महिन्यात वरच्या दालनात जायचंय आणि त्याआधी ती काढायला हवी. दुरुस्तीवाल्या मुली तयार होत्या. मी संचालिकांना म्हटलं, हे काम ज्याचं अर्धं राहिलंय त्याचं आहे. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, 'येतील का?' मी हो म्हणून बसले. हात थरथरतो म्हणू नका, मागच्या खेपेला तुम्हाला काच कापताना पाहिलंय मी. खिडकीजवळचं टेबल रिकामं करून घेतलंय, खुर्ची तुमच्या उंचीची लावलीय, कापूस तुम्हाला लागतो तसा लांब धाग्याचा मागवलाय. सकाळचा उजेड तिथे चांगला येतो. यावेळी फाटकापर्यंत सोडायला मी येईन, आणि पाठ फिरवू देणार नाही. या बाबा, आणि पुसून टाका.

तुमचीच, अजूनही न सुटलेली,
चिकटपट्टी